साडेतीन तास उशिराचा चंद्र

आमच्या सूनबाईने टोकियोत पाऊल ठेवलं तेच अट घालून. पंचवीस वर्षांपूर्वी मीही हीच अट घातली होती, अगदी ह्याच शब्दांत, पण ते तिला ठाऊक नव्हतं. आपलं झाकून ठेवण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

"आई, पुढच्या पाडव्यापर्यंत बघते," ती म्हणाली. "नाही जमलं तर मी आणि पिल्लू पुण्याला परत."

पिल्लू म्हणजे माझी नात, वय वर्षं चार. सूनबाई फिजिओथेरपिस्ट. पुण्यात मैत्रिणीबरोबर भागीदारीत दवाखाना होता तिचा, आणि तिची खोली वर्षभर कुणाला द्यायची नाही असं मैत्रिणीने कबूल केलं होतं. इथे मात्र तिच्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. माझा मुलगा लहानपणी इथेच वाढला, शिकायला पुण्याला गेला, तिथेच लग्न केलं आणि गेल्या एप्रिलमध्ये कंपनीच्या कामावर बायकोमुलीला घेऊन परत आला. ते राहतात हिगाशी-कसाई ह्या वस्तीत. आम्ही दोघं निशी-कसाईत, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. मधलं अंतर सायकलने बारा मिनिटं. मी नऊ मिनिटांत जाते, पण हे मुलाला सांगायचं नाही.

तर माझ्या हातात बारा महिने होते. नात जवळ राहावी हा स्वार्थ, तो लपवत नाही. पण सुनेला थांब म्हणायचं कसं? सासूने 'थांब' म्हटलं की सून हमखास जाते. म्हणून मी ठरवलं की तोंडाने काही बोलायचं नाही. एकेक महिना आला की त्याची चांगली बाजू तिच्यापुढे मांडायची आणि वाईट बाजूवर चादर टाकायची. मुलगी दाखवायला नेताना आई करते तसं.

एप्रिलला काही करावं लागत नाही. एप्रिल स्वतःच नटूनथटून उभा असतो. चेरीच्या झाडाखाली निळं प्लॅस्टिक अंथरून सगळं गाव जेवायला बसतं. आम्हीही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दही घेऊन बसलो, वरून पाकळ्या दह्यात पडत होत्या, सूनबाई फोटो काढत होती. मनात म्हटलं, चला, सलामी झाली.

माझ्या पहिल्या एप्रिलात मी त्याच बागेत बसून काय म्हणाले होते? "वास नाही." सदतिसाव्या वर्षी, नवी कोरी सुती साडी नेसून, थंडीने कुडकुडत, नाक वर करून म्हणाले होते, "वासच नाही हो ह्या फुलांना. कागदाची लावलीत का?" आमचे हे बिचारे माझ्याकडे आणि फुलांकडे आळीपाळीने बघत राहिले. तेव्हा माझ्यासाठी फूल म्हणजे मोगरा. बाकी सगळी सजावट.

मे महिना मला सर्वांत आवडतो. ह्या महिन्यात हवा अंगाला लागत नाही, नुसती जवळून जाते. सगळ्या बाल्कन्यांत गाद्या वाळत पडलेल्या असतात आणि इमारती जीभ काढून उन्हात बसल्यासारख्या दिसतात. सूनबाईलाही मी गाद्या उन्हात टाकायला शिकवलं. संध्याकाळी त्या आत घेताना गादीला जो वास येतो, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

माझ्या पहिल्या मे महिन्यात मात्र माझ्या बाल्कनीत गाद्या नव्हत्या, साबुदाण्याच्या पापड्या होत्या. मे म्हणजे वाळवणं, हे माझ्या हाडात भिनलेलं. भिंतीवर पुण्याहून आणलेलं पंचांगाचं कॅलेंडर होतं, ते वैशाख म्हणत होतं, मग मीही वैशाख म्हणत होते. दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि पापड्या उडून शेजारच्या बाल्कनीत गेल्या. शेजारी एक म्हातारी राहायची. तासाभराने बेल वाजली. म्हातारी दारात उभी, हातात घडी केलेला टॉवेल, त्यात माझ्या सगळ्या पापड्या. एकेक वेचून, नळाखाली स्वच्छ धुऊन आणल्या होत्या. त्यांचा लगदा झाला होता. तिने वाकून माफी मागितली, मीही वाकले, आणि दार लावून रडले.

तिला मी म्हातारी म्हणायचे. परवा हिशेब केला तर ती तेव्हा बासष्ट वर्षांची होती. म्हणजे आज मी आहे तेवढीच. आता ती सत्त्याऐंशीची आहे, अजून शेजारीच राहते, आणि आता मी तिला आजी म्हणते. ह्याला अक्कल म्हणावं की उशीर, ते तुम्ही ठरवा.

जूनमध्ये त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा. पण त्याला पाऊस म्हणायला जीभ वळत नाही, ओल म्हणावं. पाऊस पडतो तो कुरकुर करत, महिनाभर, आणि घरातली प्रत्येक वस्तू हळूहळू केसाळ होते. मी सूनबाईला निळ्याजांभळ्या गुच्छांची फुलं दाखवायला घेऊन गेले, ती ह्याच महिन्यात येतात आणि ओली असतानाच शोभतात. ती खूश झाली. घरी येऊन तिने कपाट उघडलं तर लग्नातल्या चामडी पर्सवर हिरवी मखमल.

"आई," पर्स दोन बोटांत धरून ती म्हणाली, "हे पण ह्या महिन्याचं खास का?"

मी फडकं शोधायला गेले.

जुलै-ऑगस्टची चांगली बाजू मला पंचवीस वर्षांत सापडलेली नाही. सकाळी सातला अंघोळ करून बाहेर पडावं तर कोपऱ्यावर पुन्हा अंघोळ. झाडांत सिकाडा नावाचे किडे असतात, ते दिवसभर करवत चालवतात. मी नदीवरचं दारूकाम दाखवायला नेलं, काठावर आमचा अख्खा एदोगावा वॉर्ड लोटला होता, आणि आकाशात जे फुललं ते खरंच सुंदर होतं. पण घामाने डबडबलेल्या नातीला कडेवर घेऊन दोन तास उभी राहिलेली बाई आकाशाकडे कमीच बघते.

परतताना सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही टूर कंपनी का काढत नाही? महिना संपला की फीडबॅक फॉर्म पण द्या."

म्हणजे तिला कळलं होतं. मी निर्लज्जपणे म्हटलं, "सप्टेंबर बघ फक्त."

आणि मनातल्या मनात हसले, कारण सप्टेंबर म्हटलं की मला माझेच कान उपटावेसे वाटतात. सप्टेंबरच्या पौर्णिमेला इथे चंद्र बघायची रीत आहे. खिडकीत गवताचे तुरे ठेवतात आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे, एकावर एक रचून, चंद्राला दाखवतात. ही भाद्रपदातली पौर्णिमा. म्हणजे आपला पितृपक्ष तोंडावर. माझ्या पहिल्या वर्षी शेजारच्या आजीने मोठ्या प्रेमाने ताटली आणून दिली. पांढरे, गोल, तांदळाचे गोळे, आणि शेजारी गवत. दर्भच म्हणा ना.

मी ताटली तशीच दारात धरून उभी. हे ऑफिसातून आले तेव्हा मी म्हटलं, "आपण जिवंत असताना त्या बाईने आपले पिंड घातले."

"खाऊन बघितलेस का?"

"पिंड कुणी खातं का हो?"

दुसऱ्या दिवशी शास्त्राप्रमाणे मी ते बाल्कनीत कावळ्यांना ठेवले. टोकियोतले कावळे कोंबडीएवढे असतात आणि आमंत्रणाची वाट बघत नाहीत. ते पिंडाला तर शिवलेच, पण आजीच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही शिवले. तिने खिडकीतून पाहिलं, की तिने दिलेले गोळे मी कावळ्यांना घातलेत. मी माफी मागितली नाही, कारण तेवढं जपानी मला येत नव्हतं आणि तेवढी लाजही वाटत नव्हती. लाज पुढे सवडीने वाटली.

ह्या सप्टेंबरला माझी नात बालवाडीतून तेच गोळे करून घेऊन आली. चंद्राकडे बोट दाखवून जपानीत सांगू लागली की त्यात एक ससा आहे आणि तो उखळात भात कुटतो. मी म्हटलं, "ससा तर आमच्या चंद्रातही आहे. पण आमचा नुसता बसून असतो." तिने विचार केला आणि बापाकडे बघून म्हणाली, "आमचा ऑफिसला जातो." सूनबाई हसली, पण ते हसू लवकर मावळलं. मुलगा त्या महिन्यात दहाच्या आत घरी आला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी सगळ्या कसाईत एक गोड वास सुटतो. कुठून येतो ते कळत नाही. शोधत गेलं की कुंपणाच्या एखाद्या साध्या झुडपाखाली बारीक केशरी फुलांचा सडा दिसतो, प्राजक्ताचे नुसते देठ पडल्यासारखा. चारपाच दिवस, मग संपलं. माझ्या पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणाची तरी अत्तराची बाटली फुटली. नाक मुरडून खिडकी लावून घेतली. एप्रिलमध्ये वास नाही म्हणून तक्रार, ऑक्टोबरमध्ये वास येतो म्हणून. अशा बाईला कुठला महिना पुरणार?

ह्या ऑक्टोबरला तो वास दाखवायला मी सूनबाईला बोलावलं. ती जिना चढत होती, आणि शेजारच्या आजी जिना उतरत होत्या, कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर थांबत. सूनबाई तिथेच उभी राहिली. मी वरून हाका मारतेय, अगं ये, वास जाईल, पण तिचं लक्ष नव्हतं.

वर आल्यावर म्हणाली, "ह्यांचा गुडघा दुखत नाहीये नुसता. मांडीतली ताकद गेलीये, म्हणून सगळा भार चुकीचा पडतोय. डॉक्टर काय म्हणतात?"

"वयाप्रमाणे चालायचंच, व्यायाम करा म्हणतात."

"मग करत का नाहीत?"

"एकटीला कंटाळा येतो म्हणे."

मंगळवार-शुक्रवार ती येऊ लागली. माझ्याकडे नव्हे, शेजारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. भिंतीपलीकडून मला फक्त आकडे ऐकू यायचे. आजी जपानीत मोजायच्या, ही मराठीत, आणि दहाला दोघी एकदम पोचायच्या. मला, खरं सांगते, थोडा रागच आला. मी इतके महिने सजवून मांडले होते आणि ही बाई गुडघा बघत बसली होती.

नोव्हेंबर पिवळा असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं एका आठवड्यात हळद लावून घेतात. दिवाळीला सुट्टी नाही; मुलगा सकाळी उटणं लावून, फराळाचा डबा घेऊन ऑफिसला गेला. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, आणि त्या अंधाराला घरी चहा ठेवणारं माणूस लागतं. जानेवारीत पहिले तीन दिवस सगळं शहर शांत, हवा इतकी कोरडी की दाराची मूठ धरली की वीज चावते. पण नदीच्या पुलावरून फुजी पर्वत असा दिसतो की सायकलवरून उतरावंच लागतं. हे सगळं मी दाखवलं. ती बघायची, छान म्हणायची. पण दिवसेंदिवस कमी बोलायची.

फेब्रुवारीत ती आमच्याकडे यायची थांबली. शेजारीही आली नाही. तिसऱ्या दिवशी मी संत्र्यांची पिशवी सायकलला अडकवून गेले. थंडी अशी की कानांच्या पाळ्या जागेवर आहेत की नाही ते चाचपून बघावं लागत होतं. तिने दार उघडलं. आत, पलंगावर, मोठी बॅग उघडी होती. पिल्लूचे उन्हाळी फ्रॉक त्यात घडी घालून ठेवले होते. आणखी काही नाही, फक्त फ्रॉक.

"मैत्रीण विचारतेय," ती म्हणाली. "पाडव्याआधी सांग म्हणाली. तिला दुसरी मुलगी मिळतेय."

मी बसले. मग सवयीने तोंड उघडलं. "आता बघ, मार्च आला की..."

"आई, पुरे." ती ओरडली नाही, हळूच म्हणाली. "तुम्हाला इथलं सगळंच आवडतं. एकदाही जावंसं वाटलं नाही का हो तुम्हाला? एकदाही?"

तेव्हा मला कळलं की मी वर्षभर काय करत होते. मी महिन्यांच्या डागांवर चादर टाकत होते, आणि त्या चादरीखाली मी स्वतःही गेले होते. तिला वाटत होतं की जमत नाही ते तिलाच. सासूला तर जन्मतःच जमलं.

"बॅग भरली होती," मी म्हटलं. "ह्याच महिन्यात. तुझा नवरा आठ वर्षांचा होता."

मग मी तिला चंद्राचं सांगितलं, जे मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं.

मी संकष्टी करायचे. चंद्रोदय झाल्याशिवाय जेवायचं नाही. कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ छापलेली असायची, रात्री नऊ-सव्वानऊची, पण ती पुण्या-मुंबईची. मी ह्यांना विचारलं, इथे किती वाजता? हे इंजिनिअर. क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "जपान साडेतीन तास पुढे. साडेतीन मिळव." मी मिळवले. सव्वानऊ अधिक साडेतीन, पाऊण. झालं, एप्रिलपासून दर संकष्टीला मी मध्यरात्र उलटून पाऊण वाजता जेवत होते. गजर लावून उठायचे, बाल्कनीत जाऊन वर बघायचे. आभाळ असलं तर घड्याळाला नमस्कार. आभाळ नसलं तर चंद्र डोक्यावर.

"डोक्यावर?" सूनबाई म्हणाली. "आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं. वाटलं की इथला चंद्र डोक्यावरच उगवत असेल. परदेश आहे."

तिने ओठ दाबून धरले.

मग तो फेब्रुवारी. सकाळी बॅग भरली होती. हे ऑफिसात, मुलगा शाळेत जपानी बोलायला लागलेला, आणि मी दिवसभर उपाशी. रात्री आठ-साडेआठला वाळत घातलेले कपडे आठवले म्हणून बाल्कनीत गेले. कपडे थंडीने पापडासारखे कडक झाले होते. आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर चंद्र, नुकता वर आलेला, ताटाएवढा, एका बाजूने थोडा झिजलेला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"का?"

"वेळ झाली नव्हती ना त्याची. आधी दिसला तर उपास मोडेल, अशी भीती. चंद्राकडे पाठ करून उभी राहिले मी, कडक विजारी छातीशी धरून."

दोन बाल्कन्यांच्या मधे पातळ आडभिंत होती. तिच्या कडेने शेजारच्या आजीने डोकं काढलं. पिंडांनंतर आम्ही नुसत्या वाकायचो, बोलायचो नाही. ती म्हणाली, बघ ना, किती सुंदर चंद्र आहे. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, हा नाही. माझा चंद्र पाऊण वाजता येतो.

तिने चंद्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वेडी म्हणाली असती तर चाललं असतं. ती म्हणाली, "मग तोवर थंडी वाजेल," आणि आत जाऊन हातात धरायच्या, आपोआप तापणाऱ्या दोन पुड्या घेऊन आली. एका हाताला एक. आणि खिडकी लावून घेतली, मला वाट बघायला मोकळं सोडून.

तेवढ्यात हे आले. दारातून म्हणाले, "अरे, चंद्र आलाय की. जेवलीस?"

मी म्हटलं, "कॅलेंडरप्रमाणे अजून नाही आला."

हे बूट काढता काढता थांबले. एकच बूट हातात. मग म्हणाले, "पुण्यात आज सूर्य सातला उगवला असेल. साडेतीन मिळवले तर इथे साडेदहाला उजाडायला हवं होतं."

दहा महिने. एक इंजिनिअर आणि एक बीएस्सी. मी बाल्कनीत जाऊन चंद्राला ओवाळलं, मोदक गरम असताना खाल्ले, इथे आल्यापासून पहिल्यांदा. हातातल्या पुड्या सकाळपर्यंत कोमट होत्या.

सूनबाई आता हसत होती. पलंगावर, फ्रॉकांवर हात ठेवून, आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी उठून संत्रं सोलायला घेतलं. थोड्या वेळाने तिने तिचा फोन माझ्यापुढे केला. त्यावर दोन घड्याळं होती. पुण्याचं वर, मोठं. टोकियोचं खाली.

"सकाळी उठले की आधी वरचं बघते," ती म्हणाली. "तिथे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. दवाखान्यातली लाइट लागलेली नसते."

मला पुष्कळ शहाणपण सुचलं. एकही वाक्य बोलले नाही. आयुष्यात दोनदाच मी जिभेवर ताबा ठेवला आहे, त्यातली ही दुसरी वेळ. पहिली विचारू नका.

निघताना तिने विचारलं, "आणि मग त्या बॅगेचं काय केलंत?"

"पलंगाखाली सरकवली. भरलेलीच होती. मे महिन्यात ह्यांनी कपडे काढून त्यात थंडीतल्या दुलया कोंबल्या. मी बघितलं, आणि बॅग परत आत सरकवली."

मार्च मी दाखवला नाही. मार्चला दाखवण्यासारखं असतं तरी काय? अर्धं गाव शिंकत असतं, झाडांचे पराग उडतात म्हणून. शाळांचे निरोप समारंभ होतात, आणि आपल्या लोकांची कंत्राटं संपतात. इमारतींखाली खोके रचलेले, कुणाची सायकल, कुणाचा मिक्सर, कुणाचं पोळपाट-लाटणं फुकट घेऊन जा म्हणून ठेवलेलं. दर मार्चला कसाईतली आठदहा घरं रिकामी होतात. ह्यावर मला चादर टाकता आली नसती, आणि टाकायचीही नव्हती. भिंतीपलीकडून मात्र मंगळवार-शुक्रवार आकडे पुन्हा ऐकू येऊ लागले. आता दोघीही जपानीत मोजत होत्या.

पाडव्याला मी कपडे वाळत घालायच्या दांडीची गुढी केली, बाल्कनीच्या आतल्या बाजूला, कारण बाहेर काही लोंबलेलं इमारतीला चालत नाही. कडुनिंब इथे मिळत नाही. बेल वाजली. दारात सूनबाई आणि पिल्लू, आणि मधे आजी. आजींच्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं. ते त्यांनी स्वतः भाजीवाल्याकडून आणलं होतं. तीन मजले उतरून, तीन मजले चढून. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा एकट्याने.

पुडक्यात फुकी-नो-तो होते. हिरव्या कळ्या, छोट्या कोबीसारख्या मिटलेल्या, जमिनीतून सर्वांत आधी वर येतात. माझ्या पहिल्या वर्षीही आजीने ह्याच दिवसांत आणून दिल्या होत्या. मी दाण्याचं कूट घालून भाजी केली, तोंडात घातली आणि कडू जहर लागली. कावळ्यांचा सूड, मी मनात म्हटलं, आणि भाजी केरात टाकली. मला काही वर्षांनी कळलं, की इथे वसंतात कडू खायची रीत आहे. अस्वल हिवाळ्यातून उठलं की आधी हेच खातं, असं म्हणतात. झोपलेलं अंग कडवटाने जागं होतं. पाडव्याला कडुनिंब चावून मोठी झालेली मी, मला हे कुणी समजावून सांगावं लागलं.

कळ्या चिरल्या, त्यात गूळ, जिरं, ओवा घातला. सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. आजींनी गूळ आधी शोधून खाल्ला. पिल्लूने तोंड एवढंसं केलं, पण आजींना गिळताना बघून गिळलं.

"आई," सूनबाई म्हणाली, "तुमची ती बॅग अजून आहे का?"

माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. वाटलं, एकीत मावत नसेल सगळं. "आहे," मी म्हटलं. "पलंगाखाली."

"रिकामी करून द्याल? दुलया ठेवायला जागाच नाही आमच्याकडे. एप्रिल आला." मग कळी चावत, माझ्याकडे न बघता, "खोली देऊन टाक म्हटलं मैत्रिणीला. रडले फोनवर. दोघी रडलो."

पुढचं तिनेच सांगितलं. आजींना जिथे आठवड्यातून दोनदा हाताला धरून नेतात त्या वृद्धांच्या केंद्रात मदतनीस हवी आहे, आजींनी हिचं नाव घातलंय. पदवीचं काम नाही, हात धरून चालवायचं. भाषा आली की परीक्षेचं बघता येईल, बरीच वर्षं लागतील. "आणि ह्या अजून चढताना कठडा धरतात," ती आजींकडे बघून म्हणाली. "तो सुटायला हवा."

मी वर्षभर बारा महिने सजवले, आणि बाजी मारली ती सत्त्याऐंशी वर्षांच्या गुडघ्याने.

"पण हे पुढच्या पाडव्यापर्यंतच हं, आई," ती म्हणाली. "मग बघू."

"बघू की," मी म्हटलं.

बाल्कनीतून हे म्हणाले, "मीही त्या संकष्टीचं अजून एकच म्हणतोय. गणित बरोबर होतं. चंद्राने ऐकलं नाही." मग ते आत आले आणि पलंगाखाली वाकून बॅग ओढू लागले. दुलयांनी ती इतकी फुगली होती की बाहेर निघेना. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून ओढली. आजींनी कठडा नसल्यामुळे माझा खांदा धरला होता, आणि जपानीत मोजत होत्या.